पीडीएफ झाली म्हणून अंक रद्दीत?

‘संगीत मासिकांचे जुने अंक पीडीएफमध्ये आले, आता घरातले गठ्ठे रद्दीत द्या,’ असा सल्ला बरीच वर्षं फिरतोय. लहान घरात तो पटण्यासारखाच आहे. लेख वाचण्यापुरती पीडीएफ बहुतेकदा पुरतेही. अडचण येते ती स्वरलिपीत, म्हणजे गाण्याचे स्वर कागदावर लिहिण्याच्या पद्धतीत.

प्रचलित हिंदुस्थानी स्वरलिपीत मंद्र (खालच्या सप्तकातल्या) स्वराखाली टिंब, तार (वरच्या सप्तकातल्या) स्वरावर टिंब, कोमल (उतरवलेल्या) स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र (चढवलेल्या) मध्यमावर उभी रेघ असते. स्कॅन करताना पान स्वच्छ दिसावं म्हणून डाग पुसणारं फिल्टर लावतात. त्याला डाग आणि टिंब यांतला फरक कळेलच असं नाही. टिंब गेलं की मंद्र निषाद मध्य सप्तकात जाऊन बसतो, आणि शिकणारा तसाच गातो! रेघ पुसली गेली तर कोमल गंधार शुद्ध होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे शोध. स्कॅन हे मुळात चित्र असतं. ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं) केलेलं नसेल तर त्यात शब्द सापडत नाही. केलेलं असलं तरी जोडाक्षरं चुकतात.

तपासणं सोपं आहे. पीडीएफमधलं बंदिशीचं पान ४०० टक्के मोठं करा आणि छापील पानाशेजारी धरून टिंबं मोजा. मग समोर दिसणारा एखादा शब्द शोधून पाहा. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आली असेल, तर ती आकुंचित झालेली असू शकते. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.

टिंबं जुळली नाहीत, तर निदान स्वरलिपीची पानं तरी ठेवून द्या.