घराची वाट, पूल भूकंपात गेला तर क्लेम कसा करायचा (न्यूझीलंड, साउथ आयलंड)

क्लेम टाकला आणि रिजेक्ट झाला, हे इथल्या आपल्या लोकांकडून इतक्यांदा ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसलो.

आधी हे डोक्यातून काढा की सरकारी रस्त्याचा क्लेम आपण करायचा असतो. 14 नोव्हेंबर 2016 ला कायकोराजवळ 7.8 चा भूकंप झाला, स्टेट हायवे 1 दरडींखाली गेला, तो परत सुरू व्हायला 15 डिसेंबर 2017 उजाडला. ते काम सरकारचं, गावातले रस्ते काउन्सिलचे (म्हणजे इथल्या नगरपालिकेचे). आपला विषय गेटच्या आतला, म्हणजे ड्राइव्हवेखालची जमीन, त्यावरचा पूल, मोरी (वाटेखालून पाणी जायची). वरचं डांबर किंवा काँक्रीट मात्र यात धरत नाहीत, आणि निम्मे लोक नेमका त्याचाच फोटो पाठवतात!

घराच्या पॉलिसीत आगीचं कव्हर असेल तर नॅचरल हॅझर्ड्स कमिशनचं (भूकंपासारख्या आपत्तीचा विमा देणारी सरकारी संस्था, जुनं ईक्यूसी) कव्हर आपोआप मिळतं. रिकाम्या प्लॉटला नाही, भाडेकरूला नाही.

आता खरी मेख. मुख्य वाट घरापासून फक्त 60 मीटरपर्यंतच धरतात, तेही आडव्या सरळ रेषेत. ओळखीतल्या एका काकांची वाट दीडशे मीटर, ओढ्यावरचा लाकडी पूल अगदी गेटजवळ, भूकंपात एका बाजूने खचला. काका म्हणाले अहो घरी जायला दुसरी वाटच नाही, आणि ते खरंच होतं, पण टेप 60 वर संपली. म्हणून लाइफस्टाइल ब्लॉक (गावाबाहेरचं मोठ्या जमिनीचं घर) घेताना आधी हे अंतर मोजा, किचन नंतर बघा.

कागदांत अडतं ते एकाच ठिकाणी. पूल कधीचा, कशाचा, आधीच वाकलेला होता का, असं असेसर (नुकसान तपासायला येणारा) विचारतो आणि घर रीसेलचं असेल तर आपल्याकडे काहीच नसतं. काउन्सिलकडून प्रॉपर्टी फाइल (घराची जुनी कागदपत्रं) मागवा. एकांकडे तीही अर्धवट निघाली, शेवटी गणपतीत पाहुण्यांच्या काढलेल्या फोटोत मागे धड उभा पूल दिसला आणि तोच कामी आला. ड्राइव्हवे शेजाऱ्यासोबत सामाईक असेल तर रेकॉर्ड ऑफ टायटल (मालकीचा सरकारी उतारा) काढून ठेवा, वाटेचा हक्क कुणाकुणाचा ते त्यात कळतं.

मुदत सगळे चुकीची वाचतात. दोन वर्षं आहेत असं ऐकून निवांत बसतात. नियम 3 महिन्यांचा आहे हो! त्यानंतर दोन वर्षांपर्यंत घेतात, पण उशिरामुळे नुकसान नीट तपासता येत नसेल तर नाकारू शकतात, आणि दोन पावसाळ्यांनंतर भूकंपाची भेग कुठली न् पाण्याने पडलेली कुठली, कोण सांगणार?

बाकी सोपं आहे. क्लेम आपल्या इन्शुरन्स कंपनीकडेच टाकायचा, ऑनलाइन किंवा फोनवर. गाडी अडली म्हणून तात्पुरती भर टाकायची तर टाका, पण त्याआधी फोटो काढा आणि खडीवाल्याचं बिल जपून ठेवा.