गेम डिझाइन की गेम प्रोग्रामिंग? आधी गल्लत सोडवू

बारावीचा निकाल लागला की मला ओळखीतून दरवर्षी चार-पाच फोन येतात. "मुलाला गेम बनवायचेत, गेम डिझाइनच्या कोर्सला घालू का?" मी आधी एवढंच विचारतो, की त्याला काय करायला आवडतं? बहुतेक वेळा उत्तर येतं, "चित्रं छान काढतो," नाहीतर "कॉम्प्युटरमध्ये त्याचं डोकं चालतं." दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. पण त्यातली एकही गेम डिझाइनची खूण नाही.

गल्लतीचं मूळ शब्दातच आहे. मराठीत डिझाइन म्हटलं की साडीचा काठ, ब्लाउजची पाठ, रांगोळी असंच काहीतरी डोळ्यांसमोर येतं. त्यामुळे गेम डिझायनर म्हणजे गेममधली पात्रं आणि देखावे काढणारा, असं वाटणं साहजिक आहे. ते काम गेम आर्टिस्टचं. ते तितकंच मोठं आहे, पण सहसा चित्र समोर ठेवलं की कळतं कोणाचं काम ते. खरी सरमिसळ होते ती डिझाइन आणि प्रोग्रामिंगची, कारण दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत आणि शिकताना दोन्ही एकाच स्क्रीनसमोर बसून होतात.

खेळणाऱ्याला काय करता येईल, काय करता येणार नाही आणि केलं तर त्याच्या वाट्याला काय येईल, हे ठरवणं म्हणजे डिझाइन. ठरलेलं मशीनकडून दर क्षणाला, न चुकता करून घेणं म्हणजे प्रोग्रामिंग. ही व्याख्या वाचून फारसं काही हाती लागत नाही, म्हणून मैदानावर जाऊ.

खो-खोमध्ये आठ जण एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात आणि नववा धावतो. त्याला एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला मात्र कुठूनही कुठेही जाता येतं. पाठलाग करणारे नऊ, समोर एका वेळी तिघेच. ही बंधनं काढून टाकली तर तिघे मिनिटभरही टिकणार नाहीत. बंधन आहे म्हणून खो द्यावा लागतो, खो आहे म्हणून बसलेल्यालाही जागं राहावं लागतं, आणि हुलकावणीला अर्थ येतो. पुण्यात १९१४ मध्ये या खेळाचे नियम पहिल्यांदा लिहून काढले गेले. ज्यांनी ते लिहिले ते माझ्या दृष्टीने गेम डिझायनरच होते, आणि त्या कामाला वीजसुद्धा लागली नाही. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगने त्यात 'वजीर' आणला. या एका आक्रमकाला कोणत्याही दिशेने धावायची मुभा. खेळ ओळखीचाच, पण या एका नियमाने बचावाचं गणित बदललं. असा नियम शोधणं हे डिझायनरचं रोजचं काम.

आता हाच खो-खो कॉम्प्युटरवर आणायचा म्हटलं तर? मैदानावर पंच बघतो आणि शिट्टी वाजवतो. मशीनला "मागे फिरला" म्हणजे काय हेच माहीत नसतं. धावणाऱ्याची सध्याची दिशा कुठेतरी साठवावी लागते, दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचं चित्र बदलेल तितक्या वेळा, नवी दिशा तिच्याशी ताडून बघावी लागते, किती अंश वळलं की फाउल धरायचा तो आकडा द्यावा लागतो. खांबाला वळसा घालताना तीच तपासणी सोडून द्यायची, हेही सांगावं लागतं. हे सगळं प्रोग्रामरचं. त्याने ते कितीही सुरेख लिहिलं तरी मुळात नियम रटाळ असेल तर गेम रटाळच होणार.

दोन्ही कामं एकाच जागी बघायची असतील तर १९८० सालच्या पॅक-मॅन या गेमइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांनी त्याचं डिझाइन केलं. खेळणारा चक्रव्यूहात पॅक-मॅन नावाचं पात्र पळवतो आणि चार भुतं त्याच्या मागे लागतात. चारही सारखीच मागे लागली असती तर ती एका रांगेत आली असती आणि खेळणाऱ्याला नुसतं पुढे पळत राहायचं उरलं असतं. म्हणून प्रत्येकाला स्वभाव दिला. लाल भूत सरळ पाठलाग करतं. गुलाबी पुढून वाट अडवायला बघतं. नारिंगी जवळ आलं की माघार घेतं. शिवाय भुतं मधूनमधून पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्यांकडे निघून जातात. पहिल्या लेव्हलला सुरुवातीला हे सात सेकंद चालतं, मग वीस सेकंद पाठलाग. ते सात सेकंद खेळणाऱ्याला श्वास घेण्यासाठी आहेत. हे सगळं डिझाइन झालं.

कोडमध्ये भुताला स्वभाव नसतो, लक्ष्य असलेला एक चौकोन असतो. लाल भुताचं लक्ष्य म्हणजे पॅक-मॅन उभा असलेला चौकोन. गुलाबीचं लक्ष्य त्याच्या तोंडापुढचा चौथा चौकोन. नारिंगी भूत आठ चौकोनांपेक्षा लांब असेल तर लक्ष्य पॅक-मॅन, नाहीतर खालचा डावा कोपरा. प्रत्येक वळणावर भूत आपल्या लक्ष्याला सर्वांत जवळची वाट निवडतं. स्वभाव वाटावा असं जे काही दिसतं, ते एवढ्याशा हिशेबातून. आणि त्या हिशेबात एक चूकही राहून गेली. पॅक-मॅनचं तोंड वर असलं की गुलाबी भूत चार चौकोन वर आणि शिवाय चार चौकोन डावीकडे नेम धरतं, कारण बेरीज करताना एक बाइट, म्हणजे ० ते २५५ एवढाच आकडा मावणारी जागा, ओसंडून शेजारच्या बाइटमध्ये सांडते. डिझाइनमध्ये तसं कुठेच नव्हतं. २५६व्या लेव्हलला तर अर्धा पडदाच अक्षरांच्या कचऱ्याने भरतो, कारण लेव्हल मोजणारा आकडा एका बाइटमध्ये मावत नाही. डिझाइन अव्वल, प्रोग्रामिंगमध्ये खोट, आणि तरीही पिढ्यान् पिढ्या लोक तो खेळत राहिले.

नवशिक्याचा पहिला धडा मात्र भुतांचा नसतो, उडीचा असतो. गोडो हे मोफत इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, उघडा, द्विमितीय पात्राचा नोड (गेमचा तयार सुटा भाग) घ्या आणि त्याला तयार स्क्रिप्ट, म्हणजे कोडची फाइल, जोडा. त्यात धावण्याचा वेग ३०० आणि उडीचा वेग उणे ४०० असे आकडे आयते लिहिलेले सापडतात. उणे अशासाठी, की पडद्यावर खालची दिशा अधिक धरलेली असते. गुरुत्वाकर्षण ९८०. मुलं हे चालवतात, पात्र उडतं, आनंद होतो. मग ६४ पिक्सेलचे दोन ठोकळे एकावर एक ठेवतात आणि त्यांवर चढता येत नाही. लगेच शंका येते, "माझ्या कोडमध्ये काहीतरी चुकलंय." काहीही चुकलेलं नसतं. वेगाचा वर्ग भागिले दुप्पट गुरुत्वाकर्षण केलं की उडीची उंची येते जेमतेम ८२ पिक्सेल. ठोकळे आहेत १२८.

मग उडीचा वेग वाढवत नेतात. काठावर अडकायला नको म्हणून १४० पिक्सेल उंची धरली तर सुमारे ५२४ वेग लागतो. आता पात्र चढतं, पण वर जायला अर्धा सेकंद, खाली यायला अर्धा, असं एक सेकंदाहून जास्त हवेत राहतं, फुग्यासारखं तरंगतं. इथे बरेच जण कोड परत परत तपासत बसतात. खरं तर प्रश्न आता डिझाइनचा झालेला असतो. उडी कशी वाटायला हवी? समजा ठरवलं, की १४० पिक्सेल उंच आणि ०.४ सेकंदात माथ्यावर. हे डिझायनरचं वाक्य. आता प्रोग्रामरने हिशेब करायचा. उंचीच्या दुपटीला वेळेने भागलं की वेग, म्हणजे ७००. त्या वेगाला पुन्हा वेळेने भागलं की गुरुत्वाकर्षण, म्हणजे १७५०. हे दोन आकडे टाका आणि तीच उडी चटपटीत होते. गती आणि गुरुत्वाकर्षणाची समीकरणं शाळेत शिकलेलीच आहेत. ती अशी हाताखाली चालताना दिसली की मुलांचे चेहरे उजळतात, आणि ते बघायला मला अजूनही तितकंच आवडतं.

या दोन कामांमधला फरक समजून घ्यायचा तो नोकरीच्या पाटीसाठी नाही. गेम बिघडला की दुखणं कुठलं हे ओळखता यावं म्हणून. दोन तक्रारी सांगतो, दोन्ही कायम कानावर येतात.

पहिली: "मी उडीचं बटण दाबलं होतं, तरी पडलो!" कोड तपासा, अगदी बरोबर असतो. पात्राचे पाय जमिनीवर नव्हते म्हणून उडी नाकारली. खेळणाऱ्याने कडा सुटल्यावर सेकंदाच्या बाराव्या भागाने उशिरा बटण दाबलेलं असतं, आणि त्याला ते कळलेलंही नसतं. दोष डिझाइनचा. कडा सुटल्यावरही ०.१ सेकंद, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशेबाने सहा फ्रेम, उडी मान्य करायची. याला कायोटी टाइम म्हणतात, कड्यावरून निघून क्षणभर हवेत थांबणाऱ्या कार्टूनमधल्या कायोटीवरून. २०१८ च्या सेलेस्टे या अत्यंत अवघड गेममध्येही अशी सवलत आहे. अवघड गेमला तर ती जास्तच लागते, कारण तिथे हरलेल्याला हार पटली पाहिजे.

दुसरी: "माझ्या मित्राच्या लॅपटॉपवर गेम फारच कठीण जातो." हे ऐकून शत्रूंचा वेग कमी करणारे मी पाहिले आहेत. पण कोडमध्ये लिहिलेलं असतं, की शत्रूने दर फ्रेमला पाच पिक्सेल सरकायचं. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या पडद्यावर ते सेकंदाला ३०० पिक्सेल होतात, मित्राच्या १४४ हर्ट्झच्या पडद्यावर ७२०. इथे डिझाइनला हात लावायचाच नाही. सेकंदाच्या वेगाला दोन फ्रेमच्या दरम्यान गेलेल्या वेळेने, म्हणजे डेल्टाने, गुणायचं राहिलंय, तेवढं दुरुस्त करायचं. या वेळी शत्रूंचा वेग कमी केला तर गेम दोन्हीकडे बिघडतो.

दोहोंतली सीमा नेहमी इतकी स्वच्छ नसते, हेही सांगायला हवं. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्स या गेममध्ये ५५ परग्रहवासी असतात आणि ते मरत जातात तसे उरलेले जलद होत जातात. ही कल्पना कागदावर आधी सुचलेली नव्हती. प्रोसेसर इतका मंद होता, की सगळे हलवायला त्याला वेळ लागे. संख्या घटली की काम घटे आणि वेग वाढे. गेमचे निर्माते तोमोहिरो निशिकादो यांनी ते तसंच ठेवलं, कारण शेवटी शेवटी छातीत धडधडायला लागणं हे खेळाला हवंच होतं. अर्थात डिझाइन, प्रोग्रामिंग आणि मशीनची जुळणी त्यांनी एकट्यानेच केली होती, त्यामुळे ही दुरुस्त करायची चूक नाही हे ओळखायला त्यांना कोणाला विचारावं लागलं नाही. एरिक बरोन यांनीही २०१६ चा स्टारड्यू व्हॅली हा गेम चित्रं आणि संगीतासकट एकट्याने केला, त्याला चार वर्षांहून जास्त लागली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीचा २०२० मधला राजी हा गेम मात्र एका छोट्या टीमचा आहे. टीम म्हटली की कामं वाटली जातात आणि कोणाला काय येतं हा प्रश्न उभा राहतो.

तेव्हा कोर्स निवडताना नावावर जाऊ नका. एका ओळखीच्या मुलाने गेम डिझाइन नावाच्या कोर्सला दोन वर्षं दिली. तिथे त्याने थ्रीडी मॉडेलिंग उत्तम शिकलं, पण स्वतःचा एक नियम बनवून दुसऱ्याला खेळायला द्यायची वेळ कधी आली नाही. त्याला नोकरी आर्टिस्टची मिळू शकत होती, हवी होती डिझायनरची. म्हणून प्रवेशाआधी एकच विचारा: पहिल्या सहा महिन्यांच्या शेवटी विद्यार्थी काय बनवून देतो? मॉडेल देत असेल तर तो कोर्स आर्टचा. चालणारा कोड देत असेल तर प्रोग्रामिंगचा. कागदावरचा असेना का, पण दुसऱ्यांनी खेळून बघितलेला गेम देत असेल तर डिझाइनचा.

पण निवड करायची घाई पहिल्या दिवशी करू नये. गोडोमधली तीच आयती स्क्रिप्ट घ्या. पाच-सहा ठोकळ्यांची एक छोटी लेव्हल मांडा, शेवटी एक झेंडा ठेवा. उडीचा फक्त एक आकडा बदला आणि घरातल्या कोणाच्या तरी हातात कीबोर्ड द्या. मग गप्प बसा. "इथून उडी मार" असं सांगायचं नाही, कीबोर्डला हात लावायचा नाही. ते कुठे थबकतात, कुठे दोनदा बटण दाबतात, कुठे हसतात, हे वहीत लिहा. संध्याकाळी ती वही उघडून प्रत्येक ओळीपुढे 'डि' किंवा 'प्रो' लिहा. कोणत्या ओळी दुरुस्त करायला तुम्ही जेवण सोडून आधी बसलात, तेही टिपून ठेवा.