नारळाचं दूध दोन पिशव्यांत का देतो?

(कोळंबीच्या ऑर्डरसोबत येणारी माहिती. गॅस पेटवण्याआधी वाचावी ही विनंती.)

रविवारी दुपारी दुकानाच्या व्हॉट्सॲपवर एकाच तऱ्हेचे फोटो येतात. कढईत रस्सा, वर तेलाचा तवंग, खाली पनीर कुस्करल्यासारखे पांढरे कण आणि सोबत मजकूर : 'दूध खराब निघालं.' दूध खराब असेल तर पिशवी कापतानाच आंबूस वास येतो आणि तसं झालं तर पैसे परत, त्यात वाद नाही. पण फोटोतला रस्सा बहुतेक वेळा फुटलेला असतो, नासलेला नव्हे. विचारलं की उत्तरही ठरलेलं असतं : दोन्ही पिशव्या एकदम ओतल्या, आमसुलं टाकली आणि चांगली खळखळून उकळी आणली.

दोन पिशव्या आम्ही हौसेनं देत नाही. हिरव्या पट्टीच्या पिशवीत पातळ दूध असतं, लाल पट्टीच्या पिशवीत घट्ट. खोवलेलं खोबरं वाटून पहिल्यांदा पिळलं की घट्ट दूध निघतं, त्याच चोथ्यात कोमट पाणी घालून पुन्हा पिळलं की पातळ. पातळ दुधात शिजवायचं, घट्ट दूध शेवटी घालायचं. हॉटेलातल्यासारखा मलईदार रस्सा हवा असेल तर एवढं एक पाळा, बाकी मसाल्यात थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं.

असं का, हेही बरेच जण विचारतात. नारळाच्या दुधात स्निग्धांशाचे अगदी बारीक थेंब पाण्यात पसरलेले असतात आणि थोडी प्रथिनं त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. साधारण 80 अंश सेल्सिअसच्या पुढे ही प्रथिनं साकळायला लागतात. त्यात आमसूल किंवा चिंचेचा आंबटपणा मिळाला की ती आणखी लवकर साकळतात. मग थेंब एकत्र येतात, तेल वर आणि कण खाली. सोलकढीत हेच दूध आणि हेच कोकम असतं, तरी ती फुटत नाही, कारण तिला कोणी चुलीवर चढवत नाही.

यावर हमखास येणारा प्रश्न : 'आमची आजी तर सगळं एकत्रच उकळायची!' बरोबर आहे. पण आजी खोबऱ्याचं वाटण घालायची, नुसतं दूध नव्हे. वाटणात खोबऱ्याचा चोथा असतो, तो रस्सा धरून ठेवतो. गोव्याकडे काही घरांत त्यातच चिमूटभर भिजवलेले तांदूळही वाटतात, तेही त्याचसाठी. ते कालवण उकळी सहन करतं. पण ते जिभेला किंचित रवाळ लागतं आणि तुम्हाला हवा असतो हॉटेलातला गुळगुळीत रस्सा. गुळगुळीत हवा तर चोथा गाळावा लागतो, आणि चोथा गेला की रस्सा नाजूक होतो.

हॉटेलात वेगळी जादू नसते. मसाल्याचा मूळ रस्सा सकाळीच शिजवून ठेवतात. ऑर्डर आली की छोट्या कढईत तेवढाच रस्सा गरम करून त्यात कोळंबी टाकतात आणि घट्ट दूध अगदी शेवटी. ते दूध आचेवर जेमतेम मिनिटभर असतं. शिवाय बऱ्याच ठिकाणी दाटपणा निम्मा काजूचा असतो, मेनूकार्डावर तो लिहिलेला नसतो इतकंच.

घरी अर्धा किलो सोललेल्या कोळंबीला पातळ दूध 400 मिली आणि घट्ट 200 मिली पुरतं. कोळंबी निथळून कोरडी करा, हळद-मीठ लावून ठेवा. तेलात बारीक कांदा आणि लसूण परतून मसाला घाला (आमचा ओला मसाला असेल तर तीन चमचे, घरचा असेल तर तुमच्या अंदाजानं), तेल सुटू द्या. मग पातळ दूध आणि हवी असल्यास भिजवलेल्या दहा-बारा काजूंची पेस्ट. पातळ दुधात स्निग्धांश कमी असतो, म्हणून हे आठ-दहा मिनिटं खुशाल उकळा. त्यात कोळंबी सोडा आणि तिच्यावर नजर ठेवा : मध्यम आकाराची कोळंबी तीन मिनिटांत होते. अर्धगोल वळली, रंग गुलाबी-पांढरा झाला की झाली. पूर्ण वेटोळं झालं म्हणजे ती चिवट झाली, मग कितीही मलई घाला. आता गॅस अगदी बारीक करून लाल पट्टीचं दूध घाला, हलक्या हातानं ढवळा आणि कडेला बारीक बुडबुडे दिसताच गॅस बंद. आमसुलं त्यानंतर, पाच-सहा, आणि वर झाकण. दहा मिनिटांत आंबटपणा रस्स्यात उतरतो.

गोठवलेली कोळंबी असेल तर आदल्या रात्री फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवा, खाली भांडं. बर्फासकट कढईत टाकली तर सुटलेलं पाणी रस्स्यात जातं आणि 'दूध पातळ होतं' म्हणून आमच्याच नावानं खडे फुटतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या काळात आम्ही शेततळ्यातली वनामी कोळंबी देतो आणि पाकिटावर तसं लिहितो. चव थोडी सौम्य असते, रस्स्यात ती छान जाते, पण तिला समुद्राची कोळंबी म्हणून आम्ही विकणार नाही.

फ्रिजमध्ये लाल पट्टीच्या पिशवीत वर पांढरा घट्ट थर जमतो. तो नारळाचा स्निग्धांश आहे. साधारण 24 अंशांच्या खाली तो गोठतो. पिशवी कोमट पाण्यात ठेवून हलवा, पुन्हा एकजीव होतो. डब्यातलं किंवा कागदी खोक्यातलं दूध उकळताना सहसा फुटत नाही. कारण त्यात बहुतेकदा गवार गमसारखे पदार्थ घातलेले असतात, मागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं. घाईच्या दिवशी ते जरूर वापरा. आम्ही दुधात काही मिसळत नाही, म्हणूनच आमचं दूध दोन दिवसांत संपवावं लागतं आणि थोडं सांभाळावंही लागतं.

तरीही रस्सा फुटलाच तर फेकू नका. कोळंबी बाजूला काढा, रस्सा जरा निवू द्या, त्यात काजूची पेस्ट किंवा चमचाभर तांदळाची पिठी घालून मिक्सरमधून फिरवा आणि मंद आचेवर दोन-तीन मिनिटं ढवळत गरम करा. पाहुण्यांना सहसा कळत नाही. उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी गरम करतानाही तोच नियम : मंद आच, उकळी नको.

आणखी एक, जे फार थोडे जण मागतात : कोळंबीची डोकी आणि सालं. तेलावर लाल होईतो परतून दोन कप पाण्यात वीस मिनिटं उकळून गाळा आणि पातळ दुधातला थोडा भाग या पाण्यानं बदला. चांगल्या हॉटेलातल्या रस्स्याला जो खोल स्वाद असतो तो बराचसा इथून येतो. ताज्या कोळंबीच्या ऑर्डरवर आधी सांगितलंत तर वेगळी बांधून देतो, पैसे नाहीत.

रविवारसाठीची ऑर्डर शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत द्यावी. दूध रविवारी पहाटे पिळतो, त्यामुळे त्यानंतर पिशव्या वाढवता येत नाहीत. फक्त घट्ट दूध हवं असेल तर तेही मिळेल, पण मग पातळच्या जागी साधं पाणी वापरावं लागेल.