सगळा खेळ थिनर उडण्याचा

1932 साली फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत 65 अश्वशक्तीचं व्ही-8 इंजिन बसवलं आणि कॅलिफोर्नियातल्या पोरांच्या हाती घबाडच लागलं. जुनी फोर्ड स्वस्तात उचलायची, मडगार्ड काढून वजन उतरवायचं, इंजिनातून आणखी ताकद काढायची आणि म्युरॉकच्या कोरड्या तलावावर ती बेफाम पळवायची. हीच हॉट रॉड. पैसा इंजिनात जाई, रंगाला उरत नसे. कित्येक गाड्या नुसत्या प्रायमरवर, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थरावर, फिरत. म्हणून अशी गाडी आज कुणी घरच्या गॅरेजात स्प्रे कॅनने रंगवायला घेतली, तर ते मला त्या परंपरेला धरूनच वाटतं. मात्र एक गोष्ट पक्की कळलेली हवी: रंग बसतो की बिघडतो, हे बहुतेक वेळा थिनर, म्हणजे रंग पातळ करणारा द्रव, कुठे आणि कधी उडतो यावर ठरतं.

प्रायमरचा तो मंद काळा रंग अजूनही अनेकांना भुरळ घालतो. पण घासायला सोप्या साध्या प्रायमरमध्ये भुकटी जास्त आणि ती बांधणारं रेझिन कमी असतं, त्यामुळे थर सच्छिद्र राहतो. पाणी त्यातून झिरपतं आणि पत्रा आतून गंजतो. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर मारावा, हे उत्तम. जुन्या बॉडीचे सांधे अनेकदा शिशाने भरलेले असतात आणि जुन्या रंगातही शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नये. वॉटर पेपर आणि पाणी वापरावं.

आता डब्याकडे येऊ. रंगाचा स्प्रे कॅन 1949 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एडवर्ड सीमोर यांनी आणला. कल्पना त्यांच्या पत्नीची, बॉनी यांची. आत रंग आणि थिनर असतो, शिवाय दाबामुळे द्रव झालेला वायू, बहुधा प्रोपेन आणि ब्युटेन. रंग बाहेर पडला की रिकाम्या जागेत थोडा द्रव उकळून वायू होतो आणि दाब पुन्हा भरून निघतो. म्हणूनच डबा जवळजवळ संपेपर्यंत एकसारखा चालतो. पण उकळायला उष्णता लागते, ती डब्यातूनच घेतली जाते. सलग फवारत राहिलात की डबा हाताला गार लागतो, दाब उतरतो आणि बारीक तुषारांऐवजी जाड थेंब थुंकल्यासारखे पडू लागतात. अशा वेळी डबा कोमट पाण्यात धरावा किंवा दुसरा घ्यावा. आचेजवळ कधीही नेऊ नये.

नोझल आणि पत्रा यांमधलं अंतर साधारण 20 ते 30 सेंटिमीटर हवं. थेंब जितका लहान, तितका त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग मोठा आणि थिनर तितका झटपट उडतो. फार लांबून मारलं तर थेंब वाटेतच अर्धे सुकतात. पत्र्यावर पडल्यावर एकमेकांत मिसळत नाहीत आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. फार जवळून मारलं तर थर ओला आणि जाड होतो. इथलं गणित मला फार आवडतं: उभ्या पत्र्यावरून खाली वाहणाऱ्या रंगाचं प्रमाण थराच्या जाडीच्या घनाइतकं वाढतं. जाडी दुप्पट झाली की वाहणं आठपट. म्हणून दोन पातळ हातांवर न आलेला ओघळ एका जाड हाताला येतो.

दमट हवेत आणखी एक संकट असतं. उडणारा थिनर पत्र्याचा पृष्ठभाग थंड करतो. पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूच्या, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्या तापमानाच्या, खाली गेलं की ती वाफ ओल्या लॅकरवर (नुसता थिनर उडून सुकणाऱ्या रंगावर) जमते आणि चमकदार काळ्या रंगावर दुधाळ पांढरी झाक येते. कोरड्या कॅलिफोर्नियात हे फारसं घडत नाही. आपल्याकडे जुलैत मोटरसायकलची टाकी रंगवणाऱ्यांना मात्र ही झाक ओळखीची असेल.

दुसरा हात कधी मारायचा, हे रंगाच्या जातीवर अवलंबून आहे. लॅकर फक्त थिनर उडून सुकतो. वरच्या थराचा थिनर खालचा थर थोडा विरघळवतो आणि दोन्ही एकजीव होतात. इनॅमलचं तसं नाही. ते हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू घट्ट होतं, वर साय धरते आणि आत ओलसर राहतं. अशा अर्धवट अवस्थेत पुन्हा फवारलं की थिनर त्या सायीत शिरतो, ती फुगते, पण खाली चिकटलेली असल्याने पसरायला जागा नसते. मग ती सुरकुतते. डब्यावर लिहिलेली वेळ अक्षरशः पाळावी: एक तर तासाभराच्या आत किंवा थेट काही दिवसांनंतर, कंपनी जे सांगेल ते.

शेवटच्या पारदर्शक थरासाठी टू-के, म्हणजे दोन घटकांचे, डबे मिळतात. बुडाची कळ दाबली की हार्डनर आत सुटतो आणि रंगाच्या रेणूंचं पक्कं जाळं विणलं जाऊ लागतं. पेट्रोल सांडलं तरी टिकणारी चमक यातूनच येते. डबा एक-दोन दिवसांतच वापरून संपवावा लागतो. पण या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासावाटे गेलं तर कायमचा दमा जडू शकतो आणि वासावरून धोका कळेलच असं नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क जवळ नसेल, तर तेवढा एक थर पेंटरच्या बूथमध्ये मारून घ्यावा.