आकस्मिक हृदयस्तंभ जागृती प्रशिक्षण (युवा क्रीडा)

शालेय व युवा खेळांतील प्रशिक्षकांवर अमेरिकेतील अनेक राज्यांनी कायद्याने घातलेली अट. पेनसिल्व्हेनियाचा २०१२ चा कायदा अशा कायद्यांत पहिला मानला जातो. ओहायओ व कॅलिफोर्नियात तशी तरतूद २०१७ मध्ये लागू झाली. पेनसिल्व्हेनिया व ओहायओत प्रशिक्षण दरवर्षी, तर कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी घ्यावे लागते. पालक व खेळाडूंना माहितीपत्रक वाचून सही द्यावी लागते.

कायद्याचा गाभा एकच: खेळताना किंवा खेळानंतर शुद्ध हरपलेल्या खेळाडूला तत्काळ मैदानाबाहेर काढायचे आणि वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही. पेनसिल्व्हेनियात हा नियम मोडणारा प्रशिक्षक पहिल्या वेळी उरलेल्या हंगामापुरता निलंबित होतो, तिसऱ्या वेळी कायमचा.

खेळाडूंच्या अशा मृत्यूंच्या कारणांबाबत मतभेद आहेत. अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ बॅरी मॅरन यांच्या नोंदींत हृदयस्नायू जाड होण्याचा आनुवंशिक विकार (हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी) अग्रस्थानी होता. महाविद्यालयीन खेळाडूंच्या नंतरच्या अभ्यासांत मात्र शवविच्छेदनात हृदयाची रचना निर्दोष आढळलेले मृत्यू अधिक निघाले. या अभ्यासांत एकूण खेळाडूंची संख्या ठाऊक असल्याने त्यांचे निष्कर्ष अधिक भरवशाचे वाटतात. रचना निर्दोष असेल तर दोष बहुधा विद्युतवहनाचा (उदा. दीर्घ क्यूटी, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाची विद्युतस्थिती पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागणे) असतो. तो स्टेथोस्कोपने कळत नाही. अशा मुलाला आधी आलेली भोवळ हीच कधीकधी एकमेव पूर्वसूचना असते, म्हणून वरील नियमाला महत्त्व. सर्व खेळाडूंची आधीच ईसीजी (हृदयाच्या विद्युतक्रियेचा आलेख) काढून चाळणी करावी का, हा वाद वेगळा आहे. इटलीत ती १९८२ पासून सक्तीची असून व्हेनेतो प्रांतात मृत्यू घटल्याचे २००६ मध्ये मांडले गेले. इस्रायलच्या २०११ च्या अभ्यासात तशी घट दिसली नाही.

प्रत्यक्ष प्रसंगी पहिली चूक ओळखण्यात होते. धक्का न लागता कोसळलेल्या खेळाडूचे डोळे उघडे असू शकतात, हातपाय झटके देतात, मधूनच घरघरता श्वास येतो. ही फीट किंवा चालू श्वसन समजून मौल्यवान मिनिटे जातात. प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढे पुरेसे धरून रुग्णवाहिका व एईडी (हृदयाला विद्युतझटका देणारे स्वयंचलित यंत्र) मागवावे. छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० दाब द्यावेत; मोठ्या मुलांत खोली ५ ते ६ सेंमी. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. विद्युतझटक्याविना जाणाऱ्या दर मिनिटाला, सीपीआरही (छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवणे) नसेल तर, जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते.

एईडीचा एक पॅड (झटका देणारी चिकटपट्टी) उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली बरगड्यांवर लावतात. घाम आधी पुसावा, नाहीतर पॅड चिकटत नाही. छातीवर चेंडू आदळून हृदय थांबल्यास (कोमोशिओ कॉर्डिस) हाच क्रम पाळतात. छातीरक्षकाने हा धोका पूर्ण टळत नाही.

सक्तीचे प्रशिक्षण बहुधा ऑनलाइन उरकते. त्यात पुतळ्यावर हात चालवण्याचा सराव नसतो, ही मोठी उणीव होय. शाळेच्या कुलूपबंद कार्यालयातले एईडी सायंकाळच्या सरावाला उपयोगी पडत नाही. ते कोठे आहे, किल्ली कोणाकडे, रुग्णवाहिका कोणत्या फाटकातून येणार, हे हंगामापूर्वी मैदानावर तालीम करून ठरवावे लागते.