मोडलेले हाड, ऑपरेशनच्या आधीच हातात

मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या ज्या खोलगट जागेत बसतो, ती खुब्याची वाटी. मोठ्या अपघातात हा माथा वाटीवर आदळतो आणि वाटी फुटते. ती सांधण्याइतकी अवघड कामे हाडांच्या शस्त्रक्रियेत थोडीच असतील. वाटी खोलवर, भोवती जाड स्नायू, मोठ्या रक्तवाहिन्या, नसा. शिवाय एका वाटेने शिरले की पलीकडची बाजू दिसत नाही. फ्रान्समधील जुदे आणि लेतूर्नेल यांनी १९६४ मध्ये या फ्रॅक्चरचे वर्गीकरण मांडले. त्यातले १० प्रकार आजही वापरात आहेत. पुढून शिरायचे की मागून, हे प्रकार नीट ओळखण्यावर ठरते.

एक्स-रेमध्ये हाडे एकमेकांवर पडून दिसतात. सीटी स्कॅनमुळे ती अडचण बरीच दूर झाली, तरी पडद्यावरच्या चित्रात बोट घालून तुकडा किती आत दबलाय हे चाचपता येत नाही. थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या प्रतिकृतीत ते येते.

सीटी स्कॅन शरीराच्या मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ कापांच्या प्रतिमा देतो. त्यांतून सॉफ्टवेअर हाड तेवढे वेगळे काढते. खरी काळजी इथे घ्यायला हवी, आणि याबद्दल फार कमी बोलले जाते. दोन तुकडे अगदी चिकटून असतील तर सॉफ्टवेअरला ते एकच वाटतात. हाड ठिसूळ असेल तर जिथे भोक नाही तिथे भोक दिसते. म्हणून शरीररचना जाणणाऱ्या माणसाने काप तपासायलाच हवेत. मग प्रिंटर प्लास्टिकचे थरावर थर देत खऱ्या मापाचे हाड तयार करतो. कमरेच्या एका बाजूच्या हाडाला कित्येक तास लागतात. मात्र वाटीचे ऑपरेशन बहुधा रुग्ण स्थिरावल्यावर, काही दिवसांनी होते, त्यामुळे तेवढी सवड मिळते.

मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची युक्ती. दुसऱ्या बाजूचे धड हाड संगणकावर आरशातल्यासारखे उलटवून छापायचे, म्हणजे मोडलेले हाड मुळात कसे होते त्याचा नमुना मिळतो. त्यावर धातूची प्लेट आधीच वाकवून ठेवायची आणि नेहमीप्रमाणे निर्जंतुक करायची. एरवी जखम उघडी असताना प्लेट लावून पाहायची, काढायची, पुन्हा वाकवायची, असे चालते. आधी वाकवलेली प्लेट आणखी एक काम करते: ती हाडावर नीट टेकली नाही, तर बहुधा एखादा तुकडा अजून जागेवर आलेला नाही. स्क्रूची दिशा आणि लांबीही आधी ठरवता येते. स्क्रूचे टोक सांध्यात शिरले तर कूर्चा (सांध्यातल्या हाडांवरचा गुळगुळीत थर) घासली जाते, म्हणून हे फार महत्त्वाचे.

या पद्धतीने ऑपरेशनचा वेळ, रक्तस्राव आणि ऑपरेशनदरम्यान घ्यावे लागणारे एक्स-रे कमी होतात, असे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. पुढे रुग्णाची चाल किती सुधारते, याबाबतचा फायदा मात्र तितका स्पष्ट नाही.

प्रतिकृतीत फक्त हाड असते. जघनास्थीच्या (कमरेच्या हाडाच्या पुढच्या भागाच्या) आतल्या बाजूने जाणारी, कापली गेल्यास जोरात रक्तस्राव करणारी रक्तवाहिनी तिथे नसते. तिचे भान सर्जनलाच ठेवावे लागते. पीएलए हे नेहमीचे प्लास्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १२१ अंश किंवा त्याहून जास्त तापमान असते. त्यामुळे असे मॉडेल निर्जंतुक भागापासून दूर ठेवतात किंवा कमी तापमानाच्या पद्धतीने निर्जंतुक करतात.

मनगटाच्या साध्या फ्रॅक्चरला हा खटाटोप नको. वाटी, गुडघ्याचा सांधा किंवा टाच चुरडली असेल, तर जरूर करावा. पण हाड जखमेतून बाहेर आले असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा तुटला असेल, तर प्रिंटरसाठी थांबू नये.