कॅल्सिफायलॅक्सिस : उपचारांच्या चाचण्या

मूत्रपिंडे निकामी झालेल्या, विशेषतः डायलिसिसवर असलेल्या रुग्णांत क्वचित उद्भवणारा गंभीर विकार. त्वचेतील व तिच्याखालच्या मेदातील रोहिणिकांच्या (सूक्ष्म रोहिण्यांच्या) भित्तींत कॅल्शियम साचते, पोकळी अरुंद होते आणि अखेर गुठळीमुळे रक्तपुरवठा तुटतो. मांडीवर किंवा पोटावर जांभळट, जाळीदार डाग उमटतात. त्याखालची जागा हाताला टणक लागते. पुढे काळी खपली धरलेला व्रण होतो आणि त्यावर कपड्याचा स्पर्शही सोसवत नाही. बहुतेक अहवालांनुसार निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक रुग्ण वर्षभरात दगावतात, बरेचसे जंतुसंसर्गाने.

नावाबद्दल मतभेद आहेत. १८९८ मध्ये ब्रायंट व व्हाइट यांनी वर्णिलेले उदाहरण काही लेखक या विकाराचे पहिले मानतात. ‘कॅल्सिफायलॅक्सिस’ ही संज्ञा मात्र हान्स सेल्ये यांची, १९६१-६२ च्या सुमाराची. त्यांनी उंदरांना आधी ड जीवनसत्त्वासारखा पदार्थ देऊन ‘संवेदित’ केले आणि ठरावीक काळाने धातूचे क्षार किंवा अंड्याच्या पांढऱ्या भागातील प्रथिन टोचले, तेव्हा ऊतींत कॅल्शियम साचले. ते ॲनाफायलॅक्सिससारखे (तीव्र ॲलर्जीच्या प्रतिक्रियेसारखे) आहे, अशी त्यांची कल्पना. परंतु मानवी विकाराची खूण असलेले रोहिणिकांचे कॅल्सीभवन त्या उंदरांत नव्हते. म्हणून ‘कॅल्सीभवनात्मक युरेमिक (मूत्रपिंडे निकामी झाल्याने होणारी) रोहिणिकाविकृती’ हे नाव पुढे आले. ते अधिक अचूक असले, तरी मूत्रपिंडे शाबूत असलेले थोडे रुग्ण त्यात बसत नाहीत आणि वापरात जुनेच नाव टिकले आहे.

मधुमेह, स्थूलता, स्त्रीलिंग, रक्तातील फॉस्फरसची वाढ व वॉरफरिन (रक्ताची गुठळी होऊ न देणारे औषध) हे धोक्याचे घटक समजले जातात. के जीवनसत्त्वावर अवलंबून असलेले एक प्रथिन वाहिन्यांत कॅल्शियम बसू देत नाही. वॉरफरिन त्यालाच निष्प्रभ करते.

छायाचित्रणात ‘हायपो’ म्हणून परिचित असलेले सोडियम थायोसल्फेट २००४ पासून या विकारावर वापरात आले. डायलिसिसच्या शेवटी साधारणतः २५ ग्रॅम, आठवड्यातून तीनदा, शिरेतून देतात. त्याची कीर्ती मुख्यतः सुट्या रुग्णवृत्तांतांवर उभी आहे. बरा झालेला रुग्ण छापला जातो, दगावलेला बहुधा नाही. एकत्रित विश्लेषणांत मृत्युदर घटल्याचे ठामपणे दिसलेले नाही.

तुलनागटाची गरज किती आहे, हे फायटेट (एसएनएफ४७२) या औषधाच्या ‘कॅल्सिफिक्स’ चाचणीने दाखवले. ७१ रुग्णांना १२ आठवडे औषध किंवा प्लॅसिबो (औषधासारखा दिसणारा निष्क्रिय पदार्थ) दिले. वेदना व व्रण दोन्ही गटांत सुधारले, फरक मिळाला नाही. प्लॅसिबो गट नसता, तर हीच सुधारणा औषधाच्या नावे जमा झाली असती. व्रणाची नियमित शुश्रूषा हे तिचे एक संभाव्य कारण.

सिनाकॅल्सेट या पॅराथायरॉइड संप्रेरक घटवणाऱ्या औषधाचा पुरावा आडवाटेने आला. डायलिसिसवरील ३,८८३ रुग्णांच्या ‘इव्हॉल्व्ह’ चाचणीत हा विकार औषधगटात ६ जणांना, तर प्लॅसिबो गटात १८ जणांना झाला. मोजणी नंतर केलेली असल्याने ती सूचक मानावी, तीही प्रतिबंधापुरती.

रुग्ण विरळ असल्याने एका केंद्रात पुरेशी संख्या जमत नाही. यासाठी जर्मनी, ब्रिटन इत्यादी देशांत नोंदवह्या आहेत. ‘बीट-कॅल्सी’ ही बहुराष्ट्रीय चाचणी अनुकूली पद्धतीने थायोसल्फेट, के जीवनसत्त्व व डायलिसिसचे प्रकार एकाच आराखड्यात पारखते. जमत जाणाऱ्या निष्कर्षांनुसार पुढील रुग्णांचे वाटप त्यात बदलता येते.